जवसाच्या तेलाचा दुसरा हात

निजामाचं राज्य गेलं, थोरल्या काकांची कारकुनी गेली, ऐट तेवढी राहिली. टेंभुर्णीच्या आमच्या घरी माडीच्या सागवानी सज्ज्यात बसून पान खायचं आणि कोपऱ्यात पिंक टाकायची, एवढाच त्यांचा उद्योग. फळ्या पार काळ्यालाल झालेल्या. तशात माझ्या मोठ्या बहिणीला, आक्काला, बघायला हसनाबादचे पाहुणे यायचे ठरले. बैठक सज्ज्यातच, हवेशीर जागा तेवढीच.

आक्काला ते स्थळ मनापासून हवं होतं. मुलगा मास्तर, लग्नानंतर तिला पुढं शिकवीन म्हणाला होता. मंग आम्ही दोघी आठ दिवस राबलो. सोड्याचं कढत पाणी ओतायचं, काथ्यानं घासायचं, वाळलं की काचेच्या तुकड्यानं खरवडायचं. आक्काच्या तळहातांची सालटी निघाली. काका पाटावर बसून, "इथं राह्यलं, तिथं राह्यलं," एवढंच. अंगाला तोशीस म्हणून न्हाई!

सुतारानं बजावलं होतं, जवसाच्या तेलात गेरू कालवून पातळ हात मारा, पुसून काढा, चार उन्हं खाऊ द्या. आम्ही बराबर तसंच केलं. फळ्या अशा उजळल्या की आई नुसती हात फिरवत बसली. आदल्या दिवशी काकांना मात्र रंग फिका वाटला. उरलेलं सगळं तेल त्यांनी वर ओतलं अन् केरसुणीनं पसरलं. केरसुणीनं!

सकाळी बोट लावलं तर चिकट. आक्का म्हणाली, "काका, वाळलं न्हाई अजून. बैठक खाली घालू."

"मला शिकवून राह्यली का? बिलकुल वाळलंय. चादर टाक."

वडील तिथंच उभे होते. थोरल्या भावापुढं बोलायची आमच्यात रीत नव्हती. परटाकडची पांढरीशुभ्र चादर टाकली.

पोहे झाले, प्रश्न विचारून झाले. मुलाचे वडील उठले तर चादर त्यांच्यासंगं उठली, आणि धोतर मागून लालभडक. काका लगेच म्हणाले, "पोरीनं केलंय हो. धड पुसायचंसुद्धा कळत न्हाई हिला."

आक्कानं आमच्या वडलांकडं बघितलं. ते खाली बसून पाहुण्यांच्या धोतराला चिकटलेली चादर सोडवत राहिले.

चार दिवसांनी निरोप आला, मुलगी कामात गबाळी दिसते. आक्का दिवसभर जेवली न्हाई. काका नेहमीसारखे सज्ज्यात बसले, पान जमवलं आणि पहिली पिंक त्याच कोपऱ्यात टाकली. वडलांनी हाक मारली, "आक्का, फडकं आण गं जरा."

आक्का फडकं घेऊन आली. तिनं ते वडलांच्या हातात दिलं अन् म्हणाली, "पुसा."