सतरा वर्षं, एक रायफल आणि भाजीची सुरी

लंडनजवळच्या आमच्या स्लाऊ गावात गॅरेजमध्ये कुणी गाडी ठेवत नाही, टाकवत नाही ते सामान ठेवतात. आमच्या मराठी कंपूचे किस्सेही तसेच साठत जातात. गेल्या वर्षभरात तर सगळी जागा एकट्या ईराने अडवली! ईरा म्हणजे माझा मित्र डॉक्टर श्रीधर आणि वैशाली यांची मुलगी. वय सतरा. तिला ब्रिटिश आर्मीत जायचंय. अठराच्या आत जायचं, तर घरच्यांची लेखी परवानगी लागते. श्रीधरने हात वर केले, "आईला विचार." झालं!

*

फॉर्म आला तेव्हा मी तिथेच चहा पीत होतो. ईराचा जन्म इथला, त्यामुळे तिचं मराठी आपल्या मर्जीने चालतं.

"आई, इथे तुझा सही पाहिजे."

"तुझा नाही, तुझी."

"ओके. तुझी सही पाहिजे."

"आता बरोबर. मिळणार नाही!"

*

वैशालीची भाजीची सुरी मोडली. नवी आणायला ईरा सुपरमार्केटमध्ये गेली, तर सेल्फ-चेकआउटचा लाल दिवा लागला आणि काउंटरवरच्या बाईने सुरी काढून घेतली. अठराच्या आत सुरी विकत मिळत नाही! ही पोरगी कॅडेट्सच्या रेंजवर रायफल चालवते हो!

दुसऱ्या दिवशी ती आईला घेऊन गेली. काउंटरवर कालचीच बाई. म्हणाली, "सॉरी, देता येणार नाही. तुम्ही हिच्यासाठी घेताय."

वैशाली उसळली, "हिच्यासाठी? हिने आजवर एक काकडी चिरली असेल तर दाखवा!"

*

ईराचा मामेभाऊ नील अमेरिकेत, तिथल्या सैन्यात. वय एकोणीस. व्हिडिओ कॉलवर सांगत होता, "आमच्या राज्यात कपड्यांआड पिस्तूल बाळगायचं परमिट एकविसाव्या वर्षी मिळतं. पण सैन्यात असलं की अठरालाच! मला मिळालंसुद्धा."

मला भलतंच कुतूहल. विचारलं, "आणि बिअर?"

"ती एकविसालाच, काका. त्यात सूट नाही."

मग त्याने विचारलं, "तुमच्याकडे काय बाळगतात?"

श्रीधर म्हणाला, "छत्री. पण ती कपड्यांआड ठेवून उपयोग नाही."

*

"अठरा पूर्ण कर, मग माझी सही लागणारच नाही," हे वैशालीचं पालुपद. आणि एका रविवारी कणीक मळता मळता तिने हात पुसले आणि सही ठोकली. का, ते मला अजून कळलेलं नाही. ती सही करते मराठीत, अगदी शिरोरेघेसकट.

चार दिवसांनी भरतीच्या ऑफिसातून फोन. वैशालीने स्पीकरवर टाकला. पलीकडचा साहेब अदबीने म्हणाला, "मॅम, सहीच्या जागी एक चित्र आहे. ते तुम्हीच काढलंय का? स्वखुशीने?"

एक 'नो' म्हटलं की विषय संपला असता. श्रीधर छताकडे बघत होता. ईरा आईकडे. मी बिस्कीट हातात धरून तसाच.

वैशालीने फोन जवळ ओढला. मग म्हणाली, "हो, माझीच सही आहे. आणि लिहून घ्या, गुरुवारी ती अंडं खात नाही."

पलीकडून मग पेनचा आवाज.

"एव्हरी थर्सडे, मॅम?"