कोण कसं?

"कोण कसं?"

हाक जुनी आहे. किती डोंगर उतरून, किती घाट चढून ती येते कुणास ठाऊक. सुवर्णाच्या पापण्या जडावल्या की ती कानाशी येऊन उभी राहते, उशिरा परतलेलं वासरू गोठ्याच्या दाराशी उभं राहावं तशी.

हाक दाजींची. दाजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. शर्यतीत प्रत्येक चौकीवर पोचलं की ते अशी हाक मारायचे, आणि मग चौघांनी एकेक करून, छातीतून आवाज काढून, "ठणठणीत!" म्हणायचं. पाय सोललेला असो, पोटात गोळा उठलेला असो, उत्तर तेच. ह्या शर्यतीचा कायदाच तसा. डोंगर पळत चढायचा, घाटात सायकल मारायची, धरण होडीनं ओलांडायचं, आणि प्रत्येक चौकी चौघांनी मिळून गाठायची. एक बसला की चौघं बाद. म्हणून बसायचं नाही, आणि बसावंसं वाटतंय हे तर बोलायचंच नाही.

दोन वर्षांमागं अशाच परतीच्या वादळी पावसात दाजी घाटमाथ्यावर पोचले. सगळ्यांत मोठ्यानं "ठणठणीत!" म्हणाले, सायकल दगडाला टेकवली, खाली बसले, ते उठलेच नाहीत. त्या घाटात सुवर्णाच्या कंबरेचा पट्टा त्यांच्या सायकलीला निळ्या दोरानं बांधलेला होता. दमल्या गड्याला ताकदीच्या गड्यानं दोरानं ओढून न्यायचं, ही ह्या खेळातली रीतच आहे. पण तेव्हापासून एक प्रश्न सुवर्णाच्या घशात माशाच्या काट्यासारखा बसलाय. ज्याला विचारायचा तो नाही, आणि अक्काला विचारायची छाती नाही. त्या दिवसापासून तिनं कंबरेला दोर लावून घेतलेला नाही.

आता खरं तर दुपार आहे, पण आभाळानं दिवेलागण करून टाकलीय. धरणाच्या काठी मच्छीमारांच्या पत्र्याच्या शेडमध्ये चौघं जाळ्यांच्या ढिगावर आडवी झालीत. पाण्यावर विजा उतरतायत म्हणून होड्या थांबवल्यात. विजा सरल्या की भोंगा वाजेल. संघातले दोघं गडी, इलाही आणि सोपान, पडल्या पडल्या घोरायला लागलेत. दाजींच्या जागी ह्या खेपेला अक्का उतरलीय, आणि हाक मारायची कप्तानकी सुवर्णाकडं आलीय. "त्यांची अर्धी राहिलेली मी पुरी करणार," एवढंच म्हणाली होती. सकाळच्या पाण्यात तिनं जात्यावरची चाल धरली आणि तिच्या चालीवर चौघांची वल्ही पडत गेली:

*वल्हं मारीते गं बाई, पाणी सारीते बाजूला*
*माझ्या चुड्याचा गं धनी, उभा पल्याड काठाला*

घाट उतरल्यापासून मात्र अक्का गप्प आहे. ओवी नाही, शिवी नाही, काही नाही.

"अक्का, बरी हाईस न्हवं?"

"ठणठणीत," म्हणाली, आणि हात काखेत घालून तिनं तोंड भिंतीकडं केलं.

पत्र्यावर पाऊस कुटतोय. जाळ्यांना मासळीचा, शेवाळाचा वास आहे. सुवर्णा म्हणते, डोळे फक्त मिटून ठेवू, झोपायचं नाही.

"कोण कसं?"

शेडच्या दारात दाजी उकिडवे बसलेत. मांडीवर सायकलची साखळी घेऊन एकेक कडी पुसतायत. पाऊस आत शिरलाय, जाळ्यांवर पडतोय, सुवर्णाच्या तोंडावर पडतोय, दाजींच्या अंगावर तेवढा पडत नाही.

"काय मेव्हणीबाई, झोपा काढायला आलाय व्हय शर्यतीत?"

"दाजी, तुम्ही कसं काय?"

"तुमची अक्का आली, मग मी काय घरी भाकऱ्या थापत बसू?"

सुवर्णाला हसू येतं. हे गेलेले आहेत, हे तिला माहीत आहे. पण ही गोष्ट आता बोलणं बरं दिसणार नाही, जसं पाहुण्याला कधी जाणार ते विचारू नये. दाजी उठतात. त्यांच्या हातात तो निळा दोर आहे. तिच्या कंबरेच्या पट्ट्याला ते दोराचा हूक लावतात. कट. आवाज ओळखीचा आहे. नको म्हणायला ती तोंड उघडते, आणि तोंडात वारा भरतो.

घाट लागलाय. दाजी पुढं, ती मागं, दोर ताठ. ती पायडल मारते पण पायडलाला काही लागतच नाही, साखळी दाजींच्या मांडीवरच राहिली. तरी सायकल चढतेय. वळणावर दरड नाही, अक्काची मांडणी आहे. पितळी डबे ओळीनं लावलेत, चकचकीत, आणि रस्ता त्यांच्यामधून जातोय. चुलीपुढं अक्का बसलीय. परातीत पीठ आहे. ती भाकरी थापते, पण तिची बोटं उघडत नाहीत. मिटल्या मुठीनंच ती पीठ थोपटतेय, आणि भाकरी फाटतेय, पुन्हा गोळा करतेय, पुन्हा फाटतेय.

"अक्का, हाताला काय झालं?"

अक्का वर बघत नाही. सुवर्णा ब्रेक दाबते. ब्रेक ओल्या कणकेसारखा दबतो आणि दबूनच राहतो. दोर तिला ओढत नेतो, चुलीवरून, उंबऱ्यावरून.

"दाजी, थांबा! अक्का बघा!"

"थांबायचं न्हाई. एक बसला की चौघं बसले."

"पण तिची बोटं..."

"मागं बघू नगं. ओढ."

ओढ? ती पुढं बघते तर पुढं कुणी नाही. पुढं पाणी आहे, शेणानं सारवलेल्या अक्काच्या अंगणासारखं सपाट, आणि त्यात ती होडीत एकटी. दोर कंबरेवरून मागं गेलाय, मागून पाण्यात उतरलाय. ओढणारी आता ती आहे. वल्हं मारावं तेवढा दोर जड होतोय. विहिरीत पडलेली भरली घागर ओढावी तसा जड, मग घागर नव्हे, विहीरच ओढावी तसा.

"दाजी! कोण कसं?"

"ठणठणीत!" पाण्याखालून येतं. एक बुडबुडा फुटतो.

"खरं सांगा!"

"ठणठणीत!"

ती वल्हं टाकते, दोर दोन्ही हातांनी धरते. ओला दोर मुठीतून सरकतो, तळव्याचं कातडं सोलत जातो. सगळं सामर्थ्य एकवटून ओढलं तर वीतभर दोर येतो आणि हातभर जातो. वीज चमकते तशी पाण्याखाली दाजींची पांढरी टोपी दिसते, अगदी जवळ, हात घातला तर लागेल अशी. ती हात घालते. हाताला पाणीच लागतं.

"दाजी, एक विचारू?" ती रडत नाहीये, पण आवाज रडका आहे. "त्या दिवशी घाटात... माझ्या भारानं का हो?"

आता ते होडीत तिच्यासमोर बसलेत, गुडघ्याला गुडघा लावून. अजून कोरडेच आहेत.

"तुझा भार? अगं, तुझ्यापरीस तुझ्या अक्कानं दिलेला लाडवांचा डबा जड हुता."

"चेष्टा नको."

"चेष्टा न्हाई. दोर ताठ असला की बरं वाटायचं. मागं कुणीतरी हाय, म्हणून तर तेवढा तरी चढलो." ते आपल्या छातीवर हात ठेवतात, सांडलेली साखर गोळा करावी तसा तळवा हळू फिरवतात. "पायथ्यालाच इथं कळ आली हुती."

"मग बोलला का नाही?"

"हाक माझीच. उत्तरबी मीच शिकीवलं, एकच. माझी पाळी आली तवा तोंडाला दुसरं आलंच न्हाई गं."

"दाजी..."

"गाणं कुठं गेलं?" ते कान देतात. "सकाळधरनं ऐकत हुतो. आता ऐकू येईना."

सुवर्णाला वाटतं आपण म्हणावी ती ओवी, म्हणजे ते थांबतील. पण तोंडातून निघते ती वेगळीच:

*दोर ओढीते गं बाई, दोर सरता सरंना*
*पल्याडच्या काठावर, कुणी दिसता दिसंना*

समोरची जागा रिकामी आहे. कंबरेचा दोर एकदम हलका होतो. हलका झाला ह्याचंच तिला भय वाटतं. ती दोर खेचते, खेचते, खेचतच राहते, आणि कुठूनतरी म्हैस हंबरावी तसा भोंगा वाजतो.

शेड. पत्रा. पावसाचा जोर उतरलाय, वारा मात्र तसाच आहे. बाहेर कुणीतरी ओरडतंय, होड्या सोडा, होड्या सोडा.

सुवर्णा उठून बसते, आणि तिच्याबरोबर कंबरेचं काहीतरी ओढलं जातं. निळा दोर. हूक तिच्या पट्ट्याला लागलेला आहे. दाजींचा दोर अक्काच्या पिशवीच्या तळाशी होता, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, देवाची वस्तू ठेवावी तसा. सकाळपासून तो कुणी बाहेर काढलेला नव्हता. आता तो तिच्या मांडीवर वेटोळं करून पडलाय, टोकापासून टोकापर्यंत चिंब, आणि त्याच्यातून जाळ्यांवर पाणी ठिबकतंय.

"हा कुणी लावला?"

इलाही बूट आवळतोय. "आपण न्हाई बा. झोपंत पळून जाशील म्हणून कुणीतरी बांधली असंल." सोपान नुसती मान हलवतो. अक्काची पिशवी उशाशी तशीच आहे, बंद वरून बांधलेला.

बाहेर धरण काळं झालंय, लाटांना पांढरे दात फुटलेत. दुसरे दोन संघ पाण्यात उतरलेसुद्धा. इलाही वल्ही उचलतो. "चला कप्तान, हाक मारा. पल्याड चहा हाय म्हणत्यात."

सुवर्णा दोराचं ओलं वेटोळं हातात घेऊन उभी राहते.

"कोण कसं?"

"ठणठणीत!" इलाही.

"ठणठणीत!" सोपान.

अक्का भिंतीशी पाठमोरी उभी आहे. लाइफ जॅकेटचा बक्कल लावतेय. लावतेय, निसटतोय, पुन्हा लावतेय. तिचा खांदा हलतो, बोटं हलत नाहीत.

सुवर्णा तिच्याजवळ जाते. दोराचं पाणी तिच्या पायांमागं रेघ ओढत येतं. ती अक्काच्या पुढ्यात खाली बसते आणि चौकीवर मारतात तशी नव्हे, घरात ताप आलेल्या माणसाला विचारतात तशी हळू आवाजात विचारते, "अक्का, कोण कसं?"

"ठण..." अक्का म्हणते, आणि तिची नजर त्या निळ्या दोरावर पडते. दोराचं पाणी ठिबकतंय. अक्का ते ठिबकणं बघत राहते. पलीकडून कुणीतरी पुन्हा भोंगा वाजवतं. इलाही काहीतरी बोलायला तोंड उघडतो आणि सोपान त्याच्या दंडाला धरतो.

अक्का बक्कल सोडून देते आणि तिच्यासमोर खाली बसते. बोटं निळसर पडलीत, वाकडी, आखडलेली. ती ते हात सुवर्णाच्या मांडीवर ठेवते, दुसऱ्या कुणाचे तरी असावेत तसे.

"घाटातच गेली गं बोटं," ती म्हणते. "बिरीक दाबतीय का न्हाई, तेबी कळत नव्हतं. मी ठणठणीत न्हाई, सुवे. मला लई भ्या वाटतंय."