प्रसूती वॉर्डातली तोफ

प्रसूती वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरला सगळे पाठीमागे ‘तोफ’ म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. “घरात बोलणारं माणूस एकच पुरे,” असं म्हणून तिच्या नवऱ्याने लग्नानंतर महिन्याभरातच हत्यारं खाली ठेवली होती.

त्या दुपारी खाटेवर एक पहिलटकरीण कळा देत होती. खाटेभोवती पडद्याची नुसती दांडी होती. पडदे धुवायला गेले ते गेलेच. पायथ्याशी चार शिकाऊ डॉक्टर उभे, कोपऱ्यात प्लंबर बेसिनचा नळ आवळतोय. पोर लाजेने पाय आवळून घेत होती. तपासणारा तरुण डॉक्टर आदल्या दिवसापासून ड्यूटीवर होता, डोळे तांबारलेले. त्याने तिच्या मांडीवर सण्णकन चापट मारली आणि म्हणाला, “तेव्हा नाही वाटली लाज?”

पोरीने ओठ चावला. तोफेचं डोकं सणकलं.

“हात मागे घ्या, डॉक्टर,” ती म्हणाली. “आधी तिला विचारायचं, मग हात लावायचा.”

तिने शिकाऊंना आणि प्लंबरला बाहेर काढलं, दांडीवर चादर टाकली आणि पोरीला विचारलं, “काय हवंय बाळा?”

“आई.”

आई बाहेर जिन्यावर बसून होती. नातेवाइकांना आत सोडायचं नाही, असा नियम. तोफेने तो बासनात गुंडाळला आणि आईला हाताला धरून आत आणलं. तासाभरात मुलगी झाली.

ही बातमी सांगायला धाकटी नर्स बाहेर गेली. पोरीचा नवरा सकाळपासून दाराशी ताटकळत होता. कोणी त्याला अवाक्षर सांगितलं नव्हतं. आतला आरडाओरडा ऐकून तो पेटलेलाच होता. नर्सने तोंड उघडायच्या आत त्याने तिच्या थोबाडीत मारली.

तोफ धावत आली. “तुझ्या बायकोवर हात उचलणाऱ्याला मी आत्ताच झापून आलेय,” ती त्याला म्हणाली. “आता तुझी पाळी.” आणि तिने पोलिसांना बोलावलं.

संध्याकाळी बड्या साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून घेतलं. “दोन्ही प्रकरणं मिटवून टाका. डॉक्टर आपलाच आहे, आणि तो पोरगा आजच बाप झालाय.”

“आत त्या पोरीने मार खाल्ला, बाहेर माझ्या पोरीने. त्यांच्या वतीने मिटवणारी मी कोण?”

“डॉक्टर दीड दिवस झोपला नव्हता हो.”

“मग त्याला झोपायला कोणी दिलं नाही? ड्यूटीच्या तक्त्यावर सही तुमचीच ना? तेही लिहिते तक्रारीत.”

तिने खरंच लिहिलं. निम्म्या वॉर्डाने तिच्याशी बोलणं टाकलं. घरची धुणी चव्हाट्यावर धुतली म्हणे. धाकट्या नर्सचे वडील नोकरी सोड म्हणून मागे लागले. ती रडली, पण जबाब द्यायला गेली.

पोरीच्या नवऱ्यावर गुन्हा दाखल झाला. डॉक्टर चौकशीच्या धाकाने पोरीच्या खाटेशी येऊन उभा राहिला, बुटांकडे बघत “सॉरी” म्हणाला. पोरीने बाळाला छातीशी धरलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

“अगं, डॉक्टर आहेत ते, काहीतरी बोल,” आई कुजबुजली.

“तिने माफ केलंच पाहिजे असं काही नाही,” तोफ म्हणाली. “डॉक्टर, निघा तुम्ही.”

पडदे आले. प्रत्येक बाळंतिणीसोबत तिच्या पसंतीचं एक माणूस आत राहू लागलं. डॉक्टरांच्या ड्यूट्या मात्र तशाच राहिल्या, आणि तोफेची बदली झाली तळघरातल्या भांडारात, कापसाच्या गठ्ठ्यांवर नजर ठेवायला. वीस वर्षं बाळंतपणं केलेल्या हातांना हे काम.

“आता तरी गप्प बसशील?” नवऱ्याने जेवताना विचारलं.

“वाढ मला,” ती म्हणाली. “उद्या लवकर जायचंय. बदलीविरुद्ध अर्ज द्यायचाय, आणि त्या ड्यूट्यांचं साहेबांशी भांडण बाकी आहे.”

नवऱ्याने मुकाट्याने वाढलं.