समुद्राला पलीकडचा काठ

"वहिनी, समुद्राले पलीकडचा काठ रायते का?"

नाटक कंपनीचे मॅनेजर खळ्यात पसरलेल्या पडद्याकडे पाहत होते. मी पदर तोंडाशी धरून उभी. पडद्यावर निळं पाणी होतं आणि पाण्याच्या वर झाडांची हिरवी रेघ. गोसीखुर्द धरणाचं पाणी मी रोज पाहते. त्याला पलीकडचा काठ आहे. समुद्र मी पाहिलेला नाही, आणि कसा असतो ते कोणाला विचारलंही नव्हतं.

नाटकाच्या मागे टांगायचे पडदे रंगवणं हे आमच्या यांचं काम. मी रंग कालवून द्यायची. उन्हाळ्यात यांना लकवा मारला, उजवा हात गेला. मंडईतलं, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेतलं, नाटक तोंडावर आलं तेव्हा ब्रश मी धरला. कंपनीला सांगितलं नव्हतं.

"पेंटर असा नाही काढत," मॅनेजर म्हणाले. "कोनं काढला?"

यांनी खाटेवरून माझ्याकडे पाहिलं. यांची जीभ जड झाली आहे. मलाच बोलावं लागलं.

"मी."

मॅनेजर म्हणाले, "चार दिवस थांबतो. नाही जमलं तं नागपूरवरून फ्लेक्स आणून टांगतो. माहा नाइलाज हाय."

फ्लेक्स एकदा आला की रंगवलेला पडदा कोणी मागत नाही. दुसऱ्या पेंटरांच्या घरी आम्ही ते पाहिलं होतं.

आमचा रंग म्हणजे पावडर आणि सरस. सरस हा डिंकासारखा असतो, गरम पाण्यात विरघळवतात. असा रंग ओला असताना गडद दिसतो, वाळला की फिका पडतो. म्हणून ऊन लागतं. नेमकी दोन दिवस झिमझिम लागली. पडदा ओसरीत घेतला. ओल्या फडक्यानं रेघ पुसायला गेले तर हिरवा सुटून निळ्यात मिसळला. चिखल झाला.

"पुसू नोको," हे सावकाश म्हणाले. "वाळू दे. मंग वरून जाड रंग दे."

"पर कोनता? काठ नाही तं पाणी सरते कुठी?"

"उद्या धुकं पडन. धरणाच्या पाण्यावर जाऊन पाह्य."

पहाटे कापडाचा तुकडा आणि तीन वाट्या घेऊन गेले. पलीकडचा काठ नव्हताच. पायाशी पाणी काळसर, पुढे राखाडी, त्यापुढे पाणी कुठे संपलं आणि आभाळ कुठे लागलं ते सांगता येत नव्हतं. भीती वाटली. थंडीनं सरस गोठू लागला. वाट्या पोटाशी धरून ऊब दिली. तीन पट्टे ओढले तोवर धुकं उठलं आणि काठ दिसू लागला.

तुकडा दगडावर वाळवला. किती फिका पडतो ते पाहिलं, तसा रंग गडद कालवला. पडदा दुपारच्या उन्हात खडखडीत वाळला होता. हे खाटेवरून सांगत गेले, मी हात फिरवत गेले.

चौथ्या दिवशी मॅनेजर आले. खळ्याच्या टोकापर्यंत मागे चालत गेले आणि तिथून पाहिलं.

"हं. आता दूर जाऊन रायलं पाणी. कोपऱ्यात नाव कोनाचं टाकलं?"

"यांचं," मी म्हणाले.

ते पडदा बांबूवर गुंडाळून घेऊन गेले.

"तुहं टाकाचं होतं," हे मागून म्हणाले. मी वाट्या धुवायला घेतल्या.

पुढच्या नाटकाला कंपनीनं राजवाडा सांगितला. राजवाडाही मी पाहिलेला नाही. ते सांगायला आलेले मॅनेजर निघण्याआधी मी दारातच विचारून घेतलं: खांब किती, पायऱ्या कुठे, वर छत दिसतं की नाही. न पाहिलेली वस्तू काढायची तर लाजून भागत नाही.