कोऱ्या कागदावरची सही

आमच्या नगरपरिषदेत तक्रारींचं कोणाला फारसं काही वाटत नसे. नाली तुंबली, खांबावरचा दिवा गेला, शेजाऱ्यानं ओटा पुढे काढला. आवक वहीत क्रमांक टाकायचा आणि ज्याचं काम त्याच्या टेबलावर कागद सरकवायचा. मी तिथं कार्यालय अधीक्षक होते. निवृत्तीला पावणेदोन वर्षं उरली होती आणि आता नोकरीत नवीन काही वाचायला मिळणार नाही, अशी माझी समजूत झाली होती.

एका मे महिन्यात आमचा पाणी सोडणारा माणूस स्वतःच्या हातानं लिहिलेला दोन पानी अर्ज घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. सायकलवर फिरून वस्तीवस्तीतले व्हॉल्व्ह उघडायचे आणि वेळ झाली की बंद करायचे, हे त्याचं काम. ठेकेदाराकडून लागला होता, पण गावाला तो नगरपरिषदेचाच वाटायचा. बसा म्हटलं तरी बसला नाही.

अर्जात लिहिलं होतं की नगरसेवकानं त्याला पाण्याच्या टाकीजवळ बायाबापड्यांसमोर कानशिलात मारली, व्हॉल्व्हची चावी हिसकावून घेतली, आणि वर तो दारू पिऊन कामावर येतो असं खोटं पत्र देऊन त्याला कामावरून काढायला लावलं.

"भाऊ, पोलिसात नाही गेले तुम्ही?" मी विचारलं.

"नाही जी बाई. मारलं तं मारलं, तेवढं मी गिळतो. पण मले दारुडा काहून म्हटलं? घरी पोरगी लग्नाची आहे. पाहुणे विचारून राहिले का बाप पितो म्हणून कामावरून काढला का?" त्याचा आवाज एवढा हळू झाला की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. "मी त्या वासाले उभा नाही राहत, बाई."

कारण साधं होतं. नगरसेवकाच्या घरावर दुसरा मजला चढत होता, नव्या स्लॅबला रोज भरपूर पाणी लागत होतं. त्या दिवशी त्याच्या वॉर्डाची वेळ संपली आणि हा माणूस व्हॉल्व्ह बंद करून विणकरांच्या वस्तीचं पाणी सोडायला निघाला. "अजून अर्धा तास चालू ठेव," असा हुकूम झाला. हा म्हणाला, "तिकडच्या बाया रिकामे गुंड-घागरी घेऊन उभ्या आहेत जी." तेवढ्यावर हात उठला.

आता यातली एक गोष्ट सांगायला हवी. अर्जात 'नगरसेवक' असं जे लिहिलं होतं ते खरं नव्हतं. त्या वॉर्डाची जागा महिलांसाठी राखीव होती आणि निवडून आली होती ती त्याची बायको. पण सगळं गाव नवऱ्यालाच नगरसेवक म्हणायचं. सभागृहाच्या बाहेरच्या खोलीत खुर्ची टाकून तोच बसायचा, अधिकाऱ्यांना तोच दम भरायचा. ती सभेला यायची, डोक्यावर पदर घेऊन मागच्या रांगेत बसायची आणि हजेरीवर सही करून निघून जायची. दोन वर्षांत मी तिचा आवाज ऐकला नव्हता. पत्र मात्र तिच्या लेटरहेडवर होतं आणि खाली सही तिची होती.

तक्रार जिल्हाधिकारी कार्यालयात गेली. गोंदिया वेगळा झाल्यापासून जिल्हा आटोपशीर झाला होता, भंडाऱ्याचं उत्तर लवकर यायचं. पंधरा दिवसांत पत्र आलं: सदस्याच्या गैरवर्तनाबाबत वस्तुस्थितीचा अहवाल पाठवा. आमचे मुख्याधिकारी तरुण होते, कोल्हापूरकडचे, गावात येऊन वर्षही झालं नव्हतं. त्यांनी चौकशी माझ्यावर टाकली.

"साहेब, मी त्याच विणकरांच्या वस्तीत राहते," मी म्हटलं. "माझ्या सासऱ्यांचा माग तिथंच चालायचा. ते पाणी माझ्याही घरी येतं."

"बाई, गावात प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या वस्तीत राहतोच. अहवालात तसं लिहा आणि काम सुरू करा."

मी कामाला लागले, आणि आठवडाभरात कळलं की त्या दिवशी टाकीजवळ कोणी काही पाहिलंच नव्हतं. टाकीसमोरचा चहावाला म्हणाला, तो दूध तापवत होता. माझ्याच गल्लीतली एक बाई, जिनं मला आधी सगळं हातवारे करून सांगितलं होतं, ती वही उघडल्याबरोबर म्हणाली, "मी तं माझा गुंड पाहून राहिली होती, भरला का नाही म्हणून." दुसरी आतून बाहेरच आली नाही. मला त्यांचा राग आला नाही. त्यांना त्याच वॉर्डाच्या शेजारी राहायचं होतं, घरकुलाच्या यादीवर त्याच माणसाची शिफारस लागायची.

मग नगरसेविकेचा नवरा स्वतःच माझ्या टेबलाशी आला. खुर्ची ओढून बसला.

"बाई, बयान घ्यायचं आहे म्हणते तुमी. लिहा, मी सांगतो."

"तुमचं घेईन ना, नंतर. आधी नगरसेविकाबाईंचं घ्यायचं आहे."

"तिचं कायले? तिले काय समजते? मी सांगतो तेच ती सांगन."

"मग त्यांनाच सांगू द्या."

तो हसला. गोड बोलणारा माणूस होता, ते त्याचं खरं बळ होतं. "रिटायर व्हाले किती दिवस राह्यले जी तुमचे?" असं त्यानं अगदी चौकशी करावी तसं विचारलं आणि उठून गेला.

त्या दिवशी घरी गेल्यावर मी भाताला फोडणी घातली आणि मीठ टाकायचं विसरले. माझे यजमान म्हणाले, "एवढं काय मनाला लावून घेऊन राहिली? दोन्हीकडचं लिहून दे आणि मोकळी हो." दोन्हीकडचं लिहिणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. आरोप सिद्ध होत नाही, साक्षीदार नाही, प्रकरण बंद. तो मसुदा माझ्या डोक्यात तयारही होता. खरं सांगायचं तर तो मी एका कागदावर उतरवूनही ठेवला होता.

नगरसेविकेला नोटीस गेली. दिलेल्या दिवशी अकरा वाजता ती आली, सोबत नवरा. मी त्याला बाहेर बसायला सांगितलं. तो हलेना. म्हणाला, बायको माझी आहे. माझा आवाज चढणार तेवढ्यात मुख्याधिकाऱ्यांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. तिथं काय झालं ते मला नंतर कळलं. साहेबांनी त्याला पाणी दिलं, उन्हाळ्याबद्दल बोलले, आणि मग विचारलं, "तुमच्या वरच्या मजल्याची बांधकाम परवानगी आमच्या फायलीत दिसत नाही. घरी असेल ना? आत्ता आणलीत तर बरं होईल." तो मोटारसायकल काढून घरी गेला. परवानगी काढलेलीच नव्हती, त्यामुळे शोधायला त्याला बराच वेळ लागला.

मी खोलीचं दार लोटलं. कूलरची घरघर चालू होती, तो बंद केला. ती खुर्चीच्या टोकावर बसली होती. माझ्या मोठ्या मुलीच्या वयाची असेल.

"माहेर कुठलं तुमचं?" मी विचारलं. सुरुवात कुठून करावी तेच मला सुचत नव्हतं.

"करडी. बाबा शेतकरी. धानाची शेती आहे."

"शिकलात किती?"

"दहावी पास आहे. पुढं लग्न झालं."

मी ते पत्र तिच्यासमोर ठेवलं. "ही सही तुमची?"

"हो. माझीच."

"आणि हा मजकूर?"

तिनं पत्र हातात घेतलं. एकेका ओळीवरून बोट फिरवत वाचलं. 'दारूच्या नशेत', 'महिलांशी असभ्य भाषा' या शब्दांवर बोट थांबलं. वाचून झाल्यावर तिनं कागद उलटा करून पाहिला, जणू मागं आणखी काही असेल.

"हे मी आज वाचून राहिली बाई. ते कोरे कागद ठेवतात समोर. दहा-दहा. मी सही करून देतो."

तीच पुढे म्हणाली, "तुमी काय विचारणार ते मले मालूम आहे. मी गच्चीवरच होती त्या दिवशी, स्लॅबवर पाणी मारत. तिथून टाकी दिसते." मग सरळ माझ्याकडे पाहून म्हणाली, "मी खरं सांगितलं तं माझी सीट जाईन का?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत माणसांना धीर देणारी उत्तरं मला पाठ झाली होती. त्यातलं एकही मी दिलं नाही. "मला माहीत नाही," मी म्हटलं. "जाऊही शकते. ठरवणारे भंडाऱ्याला आहेत."

"आणि तो पाणीवाला भाऊ? कामावर आहे का आता?"

"नाही. महिना होत आला, घरीच आहे. मुलीचं जमत आलेलं लग्न अडलं आहे त्या पत्रामुळे."

तिनं ते पत्र बाजूला सारलं. मग पदर खोचला, जसा बाया कामाला लागताना खोचतात, आणि म्हणाली, "लिहा. त्यायनं मारलं. मी पाह्यलं. तो भाऊ पेत नाही. माझ्या सासूच्या मयतीले पाण्याचा टँकर त्यानंच आणून देला होता, त्याले मी चांगली ओळखतो. आणि हे पत्र माझं नाही, सही माझी असली तरी."

मी लिहिलं. तिनं प्रत्येक ओळ वाचली, एके ठिकाणी 'समक्ष' शब्दाचा अर्थ विचारला, आणि सही केली. मग स्वतःहून कोरा कागद मागितला. त्यावर तिनं मोठ्या, गोल अक्षरात लिहिलं की अमुक पत्र मी परत घेत आहे, त्यातला मजकूर खोटा आहे. दहावीच्या पेपरात लिहावं तसं समास सोडून लिहिलं.

"घरी काय होईल?" मी न राहवून विचारलं.

"घरचं मी पाहीन," ती म्हणाली.

त्या दिवशी माझा तो तयार मसुदा मी फाडला. पण भीती गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिचा नवरा येईल, तमाशा करील, याची मी वाट पाहत होते. तो आला, आणि अगदी गप्प होता. डोळे सुजलेले. आपल्या जबाबात म्हणाला की रागाच्या भरात हात 'लागला'. मी तसंच लिहिलं. 'मारला' हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही, पण त्यानं ते नाकारलंही नाही. पुढे कोणी तरी सांगितलं की त्या दिवशी घरी गेल्यावर तिनं उरलेले सगळे कोरे लेटरहेड आपल्या पेटीत ठेवून कुलूप लावलं होतं आणि भांडण झालं ते अंगणात, सासऱ्यांसमोर, उघड झालं होतं. सासरे सुनेच्या बाजूनं बोलले म्हणे. खरं-खोटं मला माहीत नाही.

तिचं पत्र मिळताच साहेबांनी ठेकेदाराला लिहिलं आणि तो माणूस तिसऱ्या दिवशी कामावर आला. माझा अहवाल गेला, पण भंडाऱ्याची सुनावणी व्हायचीच होती. सुनावणीच्या सकाळी आम्ही एसटीनं निघालो: मी, नगरसेविका आणि दोन बाकं मागं तो पाणीवाला. नवरा मोटारसायकलनं आला. वाटेत तिनं डबा उघडला, पोह्यांची एक वाटी मागच्या बाकावर पाठवली. त्यानं आधी नको-नको केलं, मग खाल्ले.

सुनावणीत नवऱ्यानं सवयीनं पहिलं पाऊल पुढे टाकलं. अधिकारी चष्म्यावरून पाहत म्हणाले, "आपण कोण?"

"मी नगरसेवक... म्हणजे मिसेस आहेत."

"मग त्यांनाच बोलू द्या."

ती बोलली. पाच मिनिटंही नसेल, पण अडखळली नाही. तक्रारदाराला विचारलं, तुमचं काय म्हणणं? तो म्हणाला, "साहेब, बाईसाहेबांनी लिहून देलं, मले पावलं. त्यायची सीट जाऊ नये. भाऊनं फक्त जिथं मारलं तिथं येऊन बोलावं."

आणि नवरा गेला, टाकीजवळ. पाणी भरायच्या वेळेला मोटारसायकल उभी करून, हँडलकडे पाहत, "माझी चूक झाली, भाऊ," एवढंच म्हणाला आणि निघून गेला. मी तिथं नव्हते. पण माझ्या गल्लीतल्या दोघी धापा टाकत मला सांगायला आल्या, आणि त्या वेळी त्यांनी सगळं पाहिलं होतं, अगदी त्याच्या शर्टाच्या रंगासकट.

आदेश पावसाळ्यात आला. सदस्यानं आपल्या अधिकाराचा वापर दुसऱ्याला करू देऊ नये, अशी लेखी समज देऊन प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे. म्हणजे प्रकरण मिटलं, पद राहिलं. मी तो कागद उभ्यानंच वाचला, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचला. त्या दोन महिन्यांत मला काय काय दिसलं होतं: माझी कुठेतरी लांब झालेली बदली, अडकलेली पेन्शन, त्या नगरसेविकेचं मोडलेलं घर. यातलं काहीच झालं नव्हतं. मी साहेबांकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, "काही नाही साहेब. घरी जाऊन झोपते." त्यांनी हसून सही केली, आणि मी खरोखरच घरी जाऊन, भरदुपारी, दिवे लागेपर्यंत झोपले.