ठिपक्यांची भाकरी

एकाच रंगाची भाकरी तव्यावर फुगली की अजूनही मी मागे वळून बघते. इथे सुरतेत ज्वारी एका जातीची मिळते, भाकरी पांढरीशुभ्र होते. सून कौतुक करते. मला मात्र वाटतं, पाठीमागे कोणीतरी पाटावर बसलंय आणि ते जेवत नाहीये.

जळगावला एका पक्षाच्या कार्यालयात मी स्वयंपाकाला होते. गाव माझं साक्रीकडचं. पाचवीतून शाळा सुटली, लग्न झालं आणि पोरगा रांगायला लागला तेव्हा नवरा वारला. आबा आमच्या गावी सभेला आले होते. पक्षाचे सगळ्यात जुने पुढारी, पण माणूस धरणगावकडचा शेतकरी, धोतर गुडघ्यापर्यंत. जेवण आमच्याकडे होतं. जेवून उठताना सासऱ्यांना आमच्या अहिराणीत म्हणाले, "पोर चांगली रांधस. हिले जळगावले लई जातो. खोली शे, काम शे, लेकराले शाळा शे." हिला जळगावला नेतो, एवढंच. त्या एवढ्यावर माझा सगळा जन्म उभा आहे.

पक्ष लहान, पण स्वयंपाक मोठा. मोर्चाच्या दिवशी शंभर माणूस जेवायचं. हे सगळं मुठीवर चालायचं. पक्षाच्या प्रत्येक घरात चुलीपाशी एक मडकं असायचं. दळण काढताना घरची बाई मूठभर दाणे त्यात टाकायची आणि महिन्याला कार्यकर्ता पिशवी घेऊन फिरायचा. ते सगळं आमच्या पत्र्याच्या पिंपात येऊन पडायचं. कोणाची दादर ज्वारी, कोणाची हायब्रीड, मध्येच बाजरी, गहू, कुठे चार उडीद. निवडायला वेळ कुणाला? तसंच दळायचं. भाकरी व्हायची ठिपक्याठिपक्यांची, कबऱ्या शेळीसारखी.

आबा जेवायला बसले की मला पेपर मोठ्यानं वाचायला लावायचे. अडखळले की घास हातातच धरून थांबायचे. "वाच, मी काही पळत नाही." आज हे लिहिते आहे ते त्या थांबलेल्या घासांच्या जिवावर.

दुसरे पुढारी भाऊ. तरुण, वकिली शिकलेले, आबांनीच पक्षात आणलेले. पडेल ते काम करायचे. दोन निवडणुका हरले होते. मोर्चात लाठी लागून आमचा एक कार्यकर्ता सिव्हिलमध्ये पडला. औषधाला पैसा नव्हता. तेव्हा कापसाच्या जिनिंगवाल्या एका शेठने सगळा खर्च उचलला. कार्यकर्ता वाचला. मग त्याच शेठची जीप आली, फोन आला, लाऊडस्पीकर आला आणि एके दिवशी ज्वारीची पोती आली.

त्यावरून बैठकीत जुंपली. मी चहा देत होते.

"मूठ मागणं बंद करा," भाऊ म्हणाले. "लोक आपल्याला भिकारी समजतात."

"ज्याचं खावं त्याचं ऐकावं लागतं," आबा म्हणाले. "हजार घरांचं खाऊ, हजार घरांचं ऐकू."

"हजार घरांचं ऐकून मोर्चा निघतो आबा, आमदार नाही निघत."

कोपऱ्यातून कोणीतरी बोललं, "जीपमधून उतरून मूठ मागायची म्हणजे घोड्यावरून गवत मागण्यासारखं." सगळे हसले. आबाही हसले. पण ठराव काही झाला नाही. फक्त पिशव्या घेऊन जाणारे हळूहळू जाईनासे झाले.

कार्यालयात मग दोन पिठं झाली. सगळ्यांना शेठच्या पोत्यातलं, आबांना पिंपातलं. शेठचं ते खाईनात, आणि कुणाच्या ताटाकडेही त्यांनी कधी पाहिलं नाही. पण पिंप खाली खाली जायला लागलं. दोन भाकरींची एक झाली, एकीची अर्धी. गळ्याची हाडं दिसायला लागली. रोज पिंपाचं झाकण काढून मी तळ किती दिसतो ते बघायचे. हा माणूस माझ्या हातून उपाशी मरणार, याशिवाय दुसरा विचार येत नव्हता.

एका सकाळी एका कार्यकर्त्यानं पिठाचा डबा आणून ठेवला. "अक्का, मुठीचं दळून आणलंय. घ्या." मला एवढा आनंद झाला की मी विचारलंच नाही, एवढं आलं कुठून. आबा पाटावर बसलेले. मी भाकरी थापली, तव्यावर टाकली. फुगली. पांढरी. एक ठिपका नाही.

आबांनी पाहिलं. ताट सरकवलं नाही, भाकरी नुसती उलटी करून पाहिली.

"ही कोणाची शे?"

भाऊ दारात उभे होते. पुढे आले. "माझी आहे, आबा. मीच सांगितलं पोत्यातलं द्यायला. शिव्या द्या, पण खा. तुम्हाला असं पाहवत नाही."

"तुनं मन मोठं शे, ते माले माहीत शे." आबांचा आवाज मऊ होता. "शेठनं अजून काही मागितलं का?"

"नाही. कधीच नाही."

"तेच तर. मागेल तेव्हा तुझ्या तोंडात त्याचा घास असेल. बोलशील कसा?"

भाऊंचे डोळे भरले. "आणि त्या हजार घरांनी मूठ दिली, आबा, मग मत का नाही दिलं?"

आबांनी भाकरी ताटात तशीच ठेवली. ते पाण्याचा तांब्या घेऊन उठले.

मी पिशवी उचलली आणि निघाले. आयुष्यात कधी कुणाच्या दारात मागायला उभी राहिले नव्हते. पहिल्या घरची बाई हसली. "अगं बाई, तुमच्याकडे आता जीप आली ना?"

"जीप शे माय," मी म्हणाले, "पण आबा उपाशी शेतस."

माझ्या बोलीला जळगावात नेहमी हसायचे. ही हसायची थांबली. आत गेली आणि मडकं दोन्ही हातांनी धरून आणलं. गळ्यापर्यंत भरलेलं. वर सोंडे फिरत होते. "आम्ही टाकतच होतो गं. न्यायलाच कोणी येईना."

पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्याही. काही घरांत मडकं गेलं होतं, गॅस आला होता. पण जिथे होतं तिथे भरलेलं होतं. पिशवी मला उचलवेना.

दुपारी चाळून, दळून आणून भाकरी केली. ठिपक्यांची. आबांना सांगितलं, भाऊंनाही सांगितलं, मडकी भरलेली आहेत म्हणून. आबांनी भाकरी मोडली, अर्धी स्वतः खाल्ली आणि अर्धी भाऊंपुढे धरली. तेवढ्यात बाहेर जीपचा हॉर्न वाजला. भाऊंनी भाकरी घेतली, रुमालात गुंडाळली, खिशात घातली आणि गेले.

ती त्यांनी खाल्ली की नाही, मला माहीत नाही. पुढे ते निवडून आले. भिंतीवर त्यांचा फोटो दिसला की मी अजून खिशाकडेच बघते.

मोठ्या बैठकीत मूठ बंद झाली, हात वर करून. आबा गावी निघून गेले, आणि थंडीत ते वारल्याची खबर आली. गावी ते काय खात होते, कोणी सांगितलं नाही. मडक्यात मूठ टाकणाऱ्या त्या बायकांनाही, आता थांबा, असं कोणी जाऊन सांगितलं नाही.

मला सुरतेत काम भाऊंनीच लावून दिलं, शेठच्या नातेवाइकाच्या घरी. तिथल्या पगारावर पोरगा शिकला, त्याचं घर झालं. दोघांचे उपकार आहेत आणि दोन्ही खरे आहेत. शेठनं माझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही. ते हयात आहेत की नाहीत, तेही ठाऊक नाही. तरी भरदुपारी दारावरची बेल वाजली की मी तव्यावरची भाकरी आधी उलटी करून बघते, आणि मग दार उघडायला जाते.