काकांचा ढीग आणि काकूंचं नाक

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो. रोज थोडंथोडं पडत राहतं, आपलं लक्षही नसतं, आणि एक दिवस हात घालावा तर आत सगळं गरम! आमच्या नगरच्या गल्लीतले निम्मे किस्से एकाच ढिगातून निघालेत. खताच्या.

ढीग शेजारच्या भाऊसाहेब काकांचा. काका साखर कारखान्यात बॉयलरवर होते. रिटायर झाले, आठ दिवस नुसते बसून राहिले आणि नवव्या दिवशी अंगणाच्या कोपऱ्यात विटा रचून त्यांच्या आणि आमच्या घरचा ओला कचरा त्यात टाकायला लागले. काकूंनी परवानगी दिली, पण अट घालून.

"एकदा जरी वास आला, तर दुसऱ्या दिशी समदं घंटागाडीत!"

आणि काकूंचं नाक म्हणजे काय सांगू! फाटकात उभ्या राहून कुणाच्या घरी डाळ लागली ते नाव घेऊन सांगतात. त्यामुळे काका कायम धास्तावलेले. एक बादली ओलं पडलं की वर दोन बादल्या वाळका पाला, आणि दर रविवारी फावड्यानं सगळं खालीवर. घरात ते पाण्याचा तांब्यासुद्धा उचलत नाहीत.

* * *

काका ढिगात लोखंडी सळई खुपसून ठेवतात. दिवसातून तीनदा ती उपसून मुठीत धरायची. चटका बसला की ढीग नीट चाललाय.

तिसगावला काकूंच्या भाचीचं लग्न निघालं. काका म्हणाले, "मला न्हाई जमायचं. सेकंड शिफ्टला रिलीव्हर न्हाई."

काकू एकट्या गेल्या. आहेर म्हणून काकांनी दहा किलो खत बांधून दिलं होतं. ते एसटीत सीटखाली विसरलं, असं काकू सांगतात.

* * *

समोरच्या शेख भाभींनाही हौस आली. जुनं खत दोन मुठी घातलं की नवा ढीग लवकर लागतो, असं काकांनीच सांगितलेलं. भाभी खत मागायला आल्या, पण दिवेलागणीला.

काकू म्हणाल्या, "या वक्ताला विरजण देत न्हाईत."

"काकू, दही नाही, खत मागतेय!"

"लावायलाच नेतीस ना? मग विरजणच झालं. सकाळी ये."

भाभी सकाळी आल्या, काकूंच्या वाटीतून खत घेऊन गेल्या. शेजारची वाटी रिकामी परत द्यायची नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यातून शेवया आल्या. वाटी तीच होती. आम्ही सगळ्यांनी खाल्ल्या, विचारलं कुणीच नाही.

* * *

ओलावा बघायची काकांची रीत सोपी. मूठभर माल घ्यायचा आणि दाबायचा. लाडू वळला पाहिजे, पाणी सुटता कामा नये.

दिवाळीत काकूंनी बेसनाचे लाडू समोर ठेवले. काकांनी एक उचलला, मुठीत दाबला, उघडून बघितला आणि म्हणाले, "थोडा पाला पाहिजे."

ती दिवाळी त्यांनी चकलीवर काढली.

* * *

आमच्या ह्यांना शुगर. आंबा पूर्ण बंद, आणि शिस्तीनं पाळतात म्हणून मी माहेरी कौतुक सांगत असे. जूनमध्ये ढिगाच्या कडेला आंब्याची रोपं उगवली. सहा!

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे काकांकडं बघायला लागले. काका बिचारे तळमळीनं म्हणाले, "साहेब, कोया मधोमध टाकायच्या. कडंला ऊब कमी पडती."

* * *

गेल्या वर्षी काकांच्या थोरल्या भावाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. काका-काकूंना चार दिवस कोल्हारला जावं लागलं. काकांनी सळई माझ्या हातात दिली. सही घेतली नाही, एवढंच.

पहिल्याच दिवशी पाऊस आला. मी ढिगावर प्लास्टिक टाकून चारी बाजूंनी विटांनी घट्ट दाबलं. दुसऱ्या दिवशी आमच्याकडं पुतण्याचं बारसं झालं. उरलेला बादलीभर आमटी-भात मी त्यात ओतला. पाला भिजलेला, म्हणून घातला नाही. परत प्लास्टिक.

चौथ्या दिवशी ते काढलं आणि मी तीन पावलं मागं सरकले. तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली.

काका आधी उतरले. नाक उचलून जागेवरच थांबले.

"ताई, आमटी?"

"हो काका."

ते रागावले नाहीत. पायरीवर बसले. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा वर्षं जपलेला ढीग मी चार दिवसांत घालवला होता. काका हळूच म्हणाले, "जाऊ द्या. कवातरी रिटायर व्हायचंच हुतं."

काकू पिशवी घेऊन आत आल्या आणि थेट ढिगापाशी जाऊन उभ्या राहिल्या. चांगला दीर्घ श्वास घेतला. मग काकांकडं बघत राहिल्या.

"तोंड का पाडलंय?"

"वास..."

"कसला वास? मला न्हाई येत. सर्दी झालीया."

काका उठले आणि फावडं शोधायला लागले. काकू पायऱ्या चढल्या, कुलूप उघडलं आणि मागं न बघता म्हणाल्या,

"सुनंदा, घरी पळ. तुझं दूध तळाला लागतंय."

मी पळाले. लागलं होतं.